रिकामी टोपली देण्याचं प्रशिक्षण

हल्द्वानीच्या वरच्या डोंगरातल्या आमच्या काफलखेत गावात वजनकाटा एकच आहे आणि तो पोस्टाचा. पोस्ट म्हणजे माझ्या घराची पुढची खोली, आणि मी तिथला पोस्टमास्तर, गावाच्या तोंडी पंडितज्यू, म्हणजे पंडितजी. त्यामुळे कुणाच्या म्हशीचं तूप किती निघालं, कुणाचं बाळ किती भरलं आणि या दोन्ही बाबतींत कोण किती चढवून सांगतं, हे मला न विचारता कळतं. मी ते बोलत नाही. टिपून ठेवतो.

चैत लागून चार दिवस झाले होते. पिरूल मंडळाच्या अध्यक्ष खष्टी भौजी, म्हणजे वहिनी, डोक्यावर पार्सल घेऊन आल्या. मागून मंडळाच्या उरलेल्या दहाजणी, कारण आमच्याकडे पार्सल एकट्यादुकट्याने पाठवलं तर ते वाटेत रुसतं अशी समजूत आहे.

पिरूल म्हणजे चिडाच्या झाडाच्या वीतभर लांब, वाळलेल्या सुया. माझ्या लहानपणी पिरूल तीन कामांना यायचा. गाईखाली अंथरायला, जंगलाला आग लागायला आणि उतारावर बायकांचे खुबे मोडायला. नऊ वर्षांपूर्वी एक सरकारी योजना गावात आली आणि म्हणाली, हा पिरूल नाही, या टोपल्या आहेत. योजना चाळीस दिवसांत आटोपली. तिचा फलक गेला, साहेब गेला, साहेबाची जीप दोनदा अडकून गेली. टोपल्या मात्र राहिल्या.

तर पार्सल. झाकणवाली ओंजळभर टोपली दीडशे ग्रॅमची, चाळीस टोपल्यांचे झाले सहा किलो, वर खोक्याचा अर्धा. काटा सव्वानऊवर जाऊन उभा राहिला.

“भौजी, टोपल्यांना दिवस गेलेत का?” मी विचारलं.

“पंडितज्यू, तुम्ही तिकिटं चिकटवा,” खष्टी भौजी म्हणाल्या. “सुईणीचं काम आम्ही बघतो.”

“आत काय आहे ते मला लिहावं लागतं.”

“लिहा की. टोपल्या.”

“आणि टोपल्यांच्या आत?”

तेव्हा गोपुली आमा पुढे झाली. आमा म्हणजे आजी. ही साऱ्या गावाची आमा, वय विचारलं तर दर वर्षी दोनने कमी सांगते. “चैतात रिकामी टोपली पाठवायची?” ती म्हणाली. “तुझ्या आईने शिकवलं नाही काय रे तुला?”

शिकवलं होतं. चैतात भाऊ सासरच्या बहिणीकडे भिटौली घेऊन जातो, टोपलीत पुऱ्या, गूळ, एखादं लुगडं. बहीण महिनाभर खालच्या वाटेकडे बघत कामं करते. चैतात दारात रिकामी टोपली आली, तर तिचा अर्थ एकच, की माहेरी आता कुणी उरलं नाही. म्हणून प्रत्येक टोपलीत मूठभर तांदूळ, एक अक्रोड आणि गुळाचा खडा घातलेला. दिल्लीच्या दुकानातल्या बाईला भाऊ आहे की नाही कुणाला माहीत? असला तरी दिल्लीचे भाऊ! मीही मान डोलावली आणि रकान्यात ‘टोपल्या’ एवढंच लिहिलं.

त्या पार्सलवर एकीचं सगळं टांगलेलं होतं. जसुलीचं. ती खष्टी भौजींची सून, आमच्याकडे सुनेला ब्वारी म्हणतात. अकरा बायकांच्या मंडळात टोपलीची सुरुवात फक्त तिला जमते. ओल्या सुया वळवून मुगाएवढं कडं करायचं, त्यातून दोरा ओवायचा, मग फेऱ्यामागून फेरा गुंडाळत टाके घालायचे. त्या पहिल्या कड्याला आमच्या बायका डोळा म्हणतात. डोळा तिरका पडला की टोपली जन्मभर लंगडते. बाकीच्या दहाजणींचे डोळे तिरके, हे त्या स्वतः मान्य करतात, फक्त एकमेकींच्या बाबतीत. म्हणून जसुली वीतभर रुंदीची सपाट बुडं करून झोळीत ठेवते आणि इतरजणी ती नेऊन त्यांवर भिंती चढवतात. सुयांची जुडी सगळीकडे सारखी जाड राहावी म्हणून ती बॉलपेनच्या कापलेल्या नळीतून ओढते. पोस्टाची बॉलपेनं कुठे नाहीशी होतात हे वरच्या कचेरीला अजून कळलेलं नाही. मला कळलेलं आहे.

जसुलीचा नवरा पुष्कर हल्द्वानीच्या एका ढाब्यावर आचारी. दिवसाला दोनशे माणसं जेवू घालतो, आणि स्वतःला कुणी वाढायला नाही म्हणून माघापासून फोनवर रडत होता. “जसुलीला खाली पाठवा.” खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेली, शेजारच्या खोलीत त्याची बहीण देबुली. देबुलीची जीभ या गावाने एकवीस वर्षं सोसली आणि लग्नात वाजंत्री लावून सोडवून घेतली.

“पंडितज्यू, मला नाही जायचं,” एकदा पाकीट घ्यायला आली तेव्हा जसुली मला म्हणाली. “तिथे माझ्या हातात काय, तर लाटणं. इथे मी सुरुवात केल्याशिवाय कुणाचा हात हलत नाही.”

“मग सांग की घरी.”

“सांगितलं. सौरज्यू म्हणाले, विचार करू.”

सौरज्यू म्हणजे तिचे सासरे, सुभेदार हयात सिंह. बावीस वर्षं फौजेत काढून आलेला माणूस. घरात मीठ कमी पडलं तरी चौकशी बसवतो. त्यांनी विचार केला आणि आदेश काढला, लेखी. दिल्लीच्या ‘अरण्यघर’ दुकानाने बिखोतीच्या आत वर्षभराची टोपल्यांची ऑर्डर दिली तर सुनेने गावी राहावं. न दिल्यास बिखोतीच्या दुसऱ्या दिवशीच्या जीपने खाली जावं. चैत संपतो तो दिवस बिखोतीचा, म्हणजे हातात सव्वीस दिवस. आदेशावर साक्षीदार म्हणून माझी सही घेतली, दोन ठिकाणी. पार्सलातल्या चाळीस टोपल्या नमुन्याच्या होत्या.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. रजिस्टर, वर ‘गुणवत्ता विभाग’ असा शिक्का. मी पोस्टाच्या पायरीवर उभं राहून ते वाचलं, खाली अकराजणी, आणि सुभेदार भिंतीवर बसून आठवड्यापूर्वीचं वर्तमानपत्र वाचत असलेले.

“टोपल्यांची वीण उत्कृष्ट,” मी वाचलं. बायकांनी जसुलीकडे पाहिलं. “तथापि चाळीसपैकी चाळीस टोपल्यांतील सामग्री अस्वीकार्य आढळली. पुढील खेपेत तातडीने सुधारणा करावी, अन्यथा ऑर्डरचा विचार होणार नाही.”

मग गोपुली आमाने कपाळावर हात मारला. “मी म्हटलं होतं! एक अक्रोड! एक अक्रोड कुणी भिटौलीत घालतं? भिकाऱ्याला देतात एक अक्रोड.”

“तांदूळ पण मूठभरच,” खष्टी भौजी म्हणाल्या. “दुकानात माणसं किती असतील!”

“त्यात तुमची मूठ लहान, ज्यू,” जसुली सासूला म्हणाली.

“माझी मूठ काढतेस, ब्वारी? तुझ्या लग्नात ह्याच मुठीने वाटले तांदूळ!”

“तेच म्हणते. पुरले नव्हते.”

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. सामग्री अस्वीकार्य, सुधारणा करावी. याचा दुसरा अर्थ होतो हे या गावात जन्मलेल्या कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. मी फक्त पत्र पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं, आणि अस्वीकार्य या शब्दावर जरा जास्त जोर दिला.

दुसरी खेप निघाली ती सुधारूनच निघाली. सुभेदारांच्या घरी दोन दिवस कढई चढलेली. रव्याचे, वेढ्यावेढ्यांचे सिंगल तळले, आठ दिवस टिकतात ते. प्रत्येक टोपलीत दोन सिंगल, पाच अक्रोड, काळ्या भटाची, म्हणजे डोंगरी सोयाबीनची, पुरचुंडी आणि गुळाची अख्खी ढेकळी. झाकणं बसेनात म्हणून दोऱ्याने बांधली. काट्याने सोळा किलो दाखवले आणि खोक्याच्या तळाशी तुपाचा नकाशा उमटला.

“आता बघते कशी अस्वीकार्य म्हणतात,” खष्टी भौजी म्हणाल्या.

या वेळी पत्र आलं नाही. बिखोतीला तीन दिवस राहिले असताना खुद्द गुणवत्ता आली. नाव सलोनी भसीन, तिशीची, चेहऱ्याने थकलेली, बुटांनी नवीन. रस्ता संपतो तिथून गाव दोन किलोमीटर चढावर, आणि वाटेवर पिरूल. दोनदा घसरली, पण हातातली फाइल सोडली नाही. मला ती आवडली.

माझ्या खोलीत बैठक भरली. मॅडमने फाइल उघडली. “ताई, मी भांडायला आलेली नाही,” ती म्हणाली. “आमच्याकडे टोपल्या उघडल्या तेव्हा मुंग्या निघाल्या. एका टोपलीत उंदीर राहायला आला होता, कुटुंबासकट. आम्हाला टोपली रिकामी हवी.”

“रिकामी?” खष्टी भौजी म्हणाल्या.

“रिकामी.”

“म्हणजे तांदूळ जास्त झाले?”

“तांदूळ नकोत. काहीच नको. आत हवा फक्त.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणाला हसू येईना. जसुलीचा चेहरा मात्र उतरला. सगळ्यांआधी तिला कळलं होतं.

“पण मग लोक त्या घेऊन करतात काय?” गोपुली आमाने विचारलं.

मॅडमने फोनवर फोटो दाखवला. दिल्लीचं घर. पांढरी भिंत, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या टोपल्याच टोपल्या, लहान, मोठ्या, तोंडं पुढे करून. आमाने फोन डोळ्यांशी नेला. मोजायला वेळ लागला.

“एकोणीस,” ती म्हणाली. “घरात एकोणीस टोपल्या आणि एकीत काही नाही. बिचारी! नवरा काय करतो गं हिचा?”

“आमा, ती सजावट असते.”

“असू दे, असू दे. लाजायचं काही नाही. दिवस फिरतात.” आणि आमाने जाकिटाच्या खिशातून अक्रोड काढून मॅडमच्या हातात ठेवला, त्या घरी देण्यासाठी.

मॅडमने दीर्घ श्वास घेतला आणि प्रशिक्षण सुरू केलं. होय, प्रशिक्षण. फाइलमध्ये त्याचा तक्ता होता. पहिली पायरी, टोपली उलटी करावी. दुसरी, झटकावी. तिसरी, आत पाहावं. चौथी, रिकामी असल्याची सही करावी. पाचवी, सुपूर्द करावी. मी बावीस वर्षं पोस्टात आहे, रिकामेपणाची पोच कधी घेतली नव्हती.

“आता सराव,” मॅडम म्हणाली. “समजा मी गिऱ्हाईक. एकेकीने यायचं आणि मला टोपली द्यायची. रिकामी. अकराच्या अकरा जमल्या तर ऑर्डरवर मी इथेच सही करते. वर्षाची.”

खिडकीबाहेर भिंतीवर बसलेल्या सुभेदारांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते उलटंच धरलेलं होतं.

पहिल्या खष्टी भौजी. अध्यक्ष म्हणून मान उंच करून गेल्या, टोपली उलटी केली, झटकली, पाहिली, सही केली, पुढे केली आणि शेवटच्या क्षणी डावा हात आपोआप आत जाऊन आला. मॅडमने पाहिलं, तळाशी एक मनुका.

“ताई!”

“मी कुठे घातला? हाताने घातला.”

दुसरीने बुरांशाची पाकळी घातली, फुलाला वजन नसतं म्हणून. तिसरीने दूर्वांची काडी. चौथी प्रामाणिकपणे रिकामी घेऊन निघाली, अर्ध्या वाटेत रडायला लागली आणि परत फिरली. पाचवी म्हणाली मी काही घातलं नाही, आणि ते खरं होतं, पण झाकण उघडल्यावर सहावीने घातलेलं सापडलं. गोपुली आमाचे खिसे मॅडमने आधीच तपासले होते. आमा टोपली घेऊन उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं, आणि जाकिटाचं बटण तोडून आत टाकलं.

मी टिपत होतो. दहाजणी झाल्या, रिकामी एकही नाही.

मॅडम भिंतीला टेकली. “मला राग नाही,” ती म्हणाली. “पण मग मला पलीकडच्या डोंगरधारेवरच्या गावात जावं लागेल. तिथल्या बायका रिकाम्या देतात.”

“देणारच,” आमा म्हणाली. “पोरी सुद्धा लग्नात तशाच देतात.”

उरली होती जसुली. ती उठली. आदल्या दिवशी, मॅडम येणार म्हणून निरोप आल्यावर, ती मला सांगून गेली होती की दुकानवाले म्हणतील ते करीन, डोळे मिटून करीन. आता डोळे उघडेच राहिले. टोपली झटकली, सही केली, मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. हात काही पुढे जाईना. खोलीत अकरा बायका असून आवाज नव्हता, अशी नोंद माझ्याकडे दुसरी नाही.

“दे गं ब्वारी,” मागून खष्टी भौजी म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा खालचा होता. “दे. पाप असेल ते माझ्या नावावर.”

जसुलीने सासूकडे वळून पाहिलं. मग टोपली खाली ठेवली.

“मॅडम, तो फोटो परत दाखवा.”

मॅडमने दाखवला.

“ही भिंतीवर टांगलेली आहे ना? हिच्यात कुणी काही ठेवणार नाही?”

“नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

“मग हिला पोट कशाला?” जसुलीने झोळीत हात घातला आणि एक बूड काढलं. सपाट, वाटोळं, वीतभर, मधोमध मुगाएवढा डोळा आणि भोवती फेरे. अजून भिंत न चढलेलं. “हे घ्या. हे रिकामं नाही. हे भरता येत नाही, मग रिकामं होणार कसं?”

तिने ते मॅडमच्या हातात दिलं. सरळ दिलं, हात अडला नाही. बायकांनी माना हलवल्या. कुणालाच त्यात खोट काढता येईना, आणि खोट काढण्यात आमच्या बायका कच्च्या नाहीत.

मॅडमने बूड माझ्या भिंतीवरच्या सरकारी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं, दोन पावलं मागे गेली, डोकं एका बाजूला कललं. “मिनिमल,” ती म्हणाली.

“म्हणजे काय, पंडितज्यू?” सुभेदारांनी खिडकीतून विचारलं.

“म्हणजे अर्धंच केलेलं,” मी म्हणालो.

“आणि ते चालतं?”

“दिल्लीत चालतं.”

अर्ध्या तासात ऑर्डर लिहून झाली. सहाशे नग, वर्षभरात. नंतर मॅडमने फाइलमधून अकरा छापील प्रमाणपत्रं काढली, ‘रिकामी टोपली सुपूर्द करण्याचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण’, कारण ती छापून आणली होती आणि परत न्यायची म्हणजे खुलासा लिहावा लागला असता. गोपुली आमाने आपलं प्रमाणपत्र घडी घालून तुटलेल्या बटणाच्या जागी खोचलं.

मॅडम उतरून गेली, तसं सुभेदारांनी चौकशी बसवली. पोस्टाच्याच अंगणात. स्वतः भिंतीवर, समोर सून, बाजूला बायको, साक्षीदार मी, आणि खष्टी भौजींच्या तळहातावर फोन, त्यात पुष्कर.

“बाबा, शर्त टोपल्यांची होती,” फोन म्हणाला. “ही बुडं आहेत. मी जीपवाल्याला सांगून ठेवलंय.”

“कागदात काय आहे, पंडितज्यू?”

मी वाचलं. “टोपल्यांची ऑर्डर.”

“बघा!” फोन म्हणाला.

“तू गप रे,” खष्टी भौजींनी फोनला दम दिला. “बुडाशिवाय टोपली बघितलीस का कधी?”

“इजा, भिंतीशिवाय बघितली का तू?” फोनने उलट विचारलं. इजा म्हणजे आई.

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. सुभेदारांनी कागद मागून स्वतः वाचला. फौजेतला माणूस, लेखी आदेश मोडणं त्यांच्या हाडात नाही. पण दुसरीही एक गोष्ट होती, जी कागदात नव्हती. खष्टी भौजी मंडळाच्या बैठकांना जातात, त्या दिवसांत सुभेदारांना दोन वेळचं गरम जेवण जसुली करते. भौजींच्या हाती गेल्या वर्षी चुडकानी, म्हणजे काळ्या भटाची आमटी, तीनदा करपली. हे मला ठाऊक, त्यांना ठाऊक, आणि या क्षणी ते तेवढ्याचाच विचार करत होते हे त्यांच्या मिशीवरून दिसत होतं.

“सौरज्यू,” जसुली म्हणाली, “नवा रंगरूट भरती होतो, त्याच्या हातात बंदूक असते का?”

“नसते. सहा महिने लाकूड घेऊन फिरतो.”

“मग हजेरीपटावर त्याला काय लिहितात? लाकूड?”

सुभेदार ताठ बसले. मिशी दोन्ही बाजूंना सारखी केली. “जवान लिहितात,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून जवान लिहितात. पंडितज्यू, नोंद करा. बूड म्हणजे भरती झालेली टोपली. आदेशाचं पालन झालेलं आहे. सून इथे राहील.”

“पण ती टोपली पुरी कधी होणार, बाबा?” फोन ओरडला.

“ते कागदात नाही,” सुभेदार म्हणाले आणि उठले.

फोनमधून ढाब्याचा आवाज येत होता, भांडी, कुणीतरी दाल मागत होतं. मग पुष्कर हळूच म्हणाला, “मग मी जेवायचं काय?”

जसुलीने सासूच्या हातातून फोन घेतला. तो आता भांडत नव्हता आणि तिलाही भांडायचं नव्हतं. “दोनशे माणसांना वाढता ना तुम्ही,” ती म्हणाली. “एक ताट आपलं म्हणून आधी काढून ठेवत जा. गरम असतानाच.”

“तू केव्हा येशील?”

“सहाशे झाली की बघू.”

“सहाशे दिवस?”

“बुडं. दिवसांचं तुम्ही बघा.” तिने फोन खष्टी भौजींना परत दिला, झोळी खांद्यावर टाकली आणि माझ्याकडे वळली. “पंडितज्यू, जुनी नळी फाटली. एक पेन लागेल.”

मी रजिस्टरवर पोच लिहीत होतो. हातातलं तेच काढून दिलं.